झोपणारा बोर्ड हवा होता

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकाच मुंबईतली ही दोन ठिकाणं. ‘जिल्ह्यात सरासरी इतका पाऊस’ असं कुणी म्हणालं की मला हे दोन आकडे आठवतात. आमचं गाव सिंधुदुर्गात, घाटाच्या पायथ्याला. तालुक्याच्या गावात ऊन असतं तेव्हा आमच्याकडे पागोळ्या गळत असतात. काका कित्येक वर्षं खळ्यात बाटली आणि नरसाळं ठेवून रोज सकाळी वहीत आकडा लिहितात. पण रात्री नेमका कधी कोसळला ते बाटली सांगत नाही, आणि काका मुंबईला लेकीकडे गेले की वहीतले तेवढे दिवस कोरे राहतात. म्हणून स्वतःचं स्वतः मोजणारा पर्जन्यमापक करायला घेतला.

यातला यंत्राचा भाग साधा आहे. नरसाळ्याखाली दोन कप्प्यांचं एक छोटं भांडं सीसॉसारखं आसावर तोललेलं असतं. एक कप्पा भरला की भांडं कलंडतं, पाणी सांडतं आणि दुसरा कप्पा धारेखाली येतो. कलंडताना भांड्यावरचा चुंबक एका रीड स्विचसमोरून जातो आणि स्विच क्षणभर जोडला जातो. किती वेळा जोडला गेला ते मोजलं की पाऊस मोजला. भांडं मी तयार विकत घेतलं. वरचं नरसाळं मात्र मुद्दाम १६ सेंटिमीटर व्यासाचं निवडलं, कारण त्याचं तोंड जवळजवळ बरोबर २०० चौरस सेंटिमीटर भरतं आणि मग १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी असा सोपा हिशेब राहतो.

प्रश्न होता बोर्डाचा, म्हणजे ही मोजणी करणाऱ्या छोट्याशा संगणकाचा. काकांना फोनवर बेत सांगितला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “बॅटरी किती दीस चलतली?” आमच्याकडे पावसाळ्यात लाइट गेली की कधी येईल ते सांगता येत नाही, आणि राउटर लाइटवरच चालतो. म्हणजे वायफायचा उपयोग नाही आणि भिंतीतल्या प्लगचाही नाही. मी काकांचा प्रश्न कागदावर वर लिहिला आणि घरातले बोर्ड त्याच्याखाली मांडले.

पहिला अर्थातच अर्डुइनो उनो. त्यावरचा एटीमेगा३२८पी हा प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झवर चालतो, ३२ केबी फ्लॅश (प्रोग्राम साठवायची जागा), २ केबी रॅम. पाऊस मोजायला हे गरजेपेक्षा जास्तच आहे. पण उनोवर यूएसबीसाठी वेगळी चिप, रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) आणि दिवे असतात, आणि नुसता चालू ठेवला तरी तो साधारण ५० मिलिअँप घेतो. चांगला अल्कलाइन पेन्सिल सेल २५०० मिलिअँप-तासांचा धरला तर उनो दोन दिवसांत तो संपवतो. बाद.

ईएसपी३२ चा मोह सुटत नव्हता. दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ, वायफाय, ब्लूटूथ, आणि किंमत उनोच्या आसपास किंवा कमीच. चिपच्या माहितीपत्रकात गाढ झोपेतला, म्हणजे काम नसताना जवळजवळ सगळं बंद ठेवल्यावरचा, करंट सुमारे १० मायक्रोअँप (मिलिअँपचा शंभरावा भाग) दिलेला आहे, आणि लोक तोच आकडा सांगत फिरतात. पण आपण विकत घेतो ती चिप नसते, बोर्ड असतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डेव्हलपमेंट बोर्डांवर ११७ जातीचा स्वस्त रेग्युलेटर असतो, तो एकटाच चार-पाच मिलिअँप खातो, आणि पॉवरचा लाल दिवा त्याच्या जोडीला. चिप झोपली तरी बोर्ड जागाच. पाच मिलिअँपच्या हिशेबानं तीन आठवडे. जूनमध्ये लावला तर आर्द्रा नक्षत्र संपायच्या सुमाराला बंद.

ईएसपी८२६६ चा नोडएमसीयू मी फार वेळ विचारात घेतलाच नाही. तो गाढ झोपेतून उठतो तो रीसेट होऊन, सगळा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून. दर कलंडीला नव्यानं बूट होणारा मोजणीदार मला नको होता.

रास्पबेरी पाय पिको २०२१ मध्ये चार डॉलरना आला आणि तेव्हापासून माझा आवडता बोर्ड आहे. २६४ केबी रॅम, मायक्रोपायथन (छोट्या बोर्डांसाठीची पायथन भाषा), आणि प्रोग्राम चढवायची पद्धत इतकी सोपी की बूटसेलचं बटण दाबून केबल लावली की तो पेनड्राइव्ह म्हणून दिसतो, फाइल त्यावर टाकली की काम झालं. आठवीतल्या भाच्याला मी पिकोच दिला. एक ओळ लिहिली की दिवा लागतो, दुसरी लिहिली की विझतो, आणि मधे कंपायलरची वाट पाहावी लागत नाही. नवशिक्याला याहून चांगली सुरुवात मला तरी ठाऊक नाही. (वायफायवाला पिको डब्ल्यू घेतलात तर मात्र दिव्यासाठी २५ नंबरची पिन वापरणारे जुने नमुना-प्रोग्राम चालत नाहीत, तिथं दिवा वायफायच्या चिपवर टांगलेला आहे.) पण सगळ्यात गाढ झोपेतही पिको मिलिअँपच्या घरात राहतो. पावसाळा कसाबसा निघाला असता. कसाबसा नको होता.

उरला अर्डुइनो प्रो मिनी. उनोवरचाच एटीमेगा३२८पी, पण अंगठ्याएवढ्या बोर्डावर आणि यूएसबीशिवाय. मूळ बोर्ड स्पार्कफनचा. आता अर्डुइनोच्या चालू यादीत तो नाही, त्यामुळे मिळतात त्या नकला. वेगाच्या स्पर्धेत हा सगळ्यात शेवटचा. पण या प्रोसेसरच्या ‘पॉवर-डाउन’ झोपेत सगळी घड्याळं थांबतात आणि करंट एका मायक्रोअँपच्याही खाली जातो. शिवाय उठला की रॅममधलं सगळं जागच्या जागी असतं, जिथं झोपला त्याच्या पुढच्या ओळीपासून कामाला लागतो.

मग मी उलटा हिशेब केला आणि तिथं निवड पक्की झाली. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस धरला आणि दर कलंडीला ०.२ मिलिमीटर, तर वर्षभरात साडेसतरा हजार कलंडी. प्रत्येकीसाठी प्रोसेसर एक दशांश सेकंद जागा राहिला तर अख्ख्या वर्षाचं काम अर्ध्या तासात आटोपतं. त्या अर्ध्या तासाला पाच-सहा मिलिअँप लागले तरी तीन मिलिअँप-तास. बाकीचे आठ हजार सातशे साडेएकोणसाठ तास बोर्ड काहीच करत नाही, आणि सेल संपतात ते या काहीच न करण्यात. मेगाहर्ट्झ, कोअर, केबी हे सगळे आकडे त्या अर्ध्या तासाचे आहेत. हा हिशेब बोर्डाच्या खोक्यावर कुणी छापत नाही.

पुण्यात असल्या खरेदीला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. प्रो मिनी दोन जातींचा येतो: ५ व्होल्ट १६ मेगाहर्ट्झ आणि ३.३ व्होल्ट ८ मेगाहर्ट्झ. दिसायला सारखेच. दुकानदारानं ३.३ म्हणून जे हातावर ठेवले त्यांच्या मागे कुठंही खूण केलेली नव्हती. मूळ धाटणीच्या बोर्डांवर रेग्युलेटरवर बारीक अक्षरांत केबी३३ किंवा केबी५० असं असतं, पण नकलांवर काहीही सापडतं. खात्रीचा उपाय म्हणजे रेग्युलेटरच्या आधीच्या ‘रॉ’ पिनला ९ व्होल्टची बॅटरी लावायची आणि त्याच्या नंतरच्या ‘व्हीसीसी’ पिनवर मल्टिमीटर धरायचा. एक बोर्ड ३.३ दाखवत होता, दुसरा ५. दुसरा परत केला, दुकानदारानं कुरकुर न करता बदलून दिला.

८ मेगाहर्ट्झचाच का हवा? कारण सेलचा व्होल्टेज उतरत जातो. माहितीपत्रकाप्रमाणे हा प्रोसेसर १० मेगाहर्ट्झला २.७ व्होल्टपर्यंत भरवशाचा आहे. १६ मेगाहर्ट्झला त्याला चार व्होल्टच्या आसपास तरी हवेत. मी तीन पेन्सिल सेल एकापुढे एक जोडून थेट व्हीसीसीला दिले. नवे असताना साडेचार व्होल्टच्या थोडे वर, पूर्ण दमले तरी २.७. रेग्युलेटरची गरजच उरली नाही, म्हणून तो काढून टाकला आणि पॉवरचा दिवाही. रेग्युलेटर काढताना पाचही पायांवर भरपूर शिसं ओतायचं, सगळं एकदम वितळलं की चिमट्यानं अलगद उचलायचा. पाय एकेक करून सोडवायला गेलं की खालची तांब्याची पट्टी उखडते.

यूएसबी नसल्यानं प्रोग्राम चढवायला वेगळा यूएसबी-सिरियल अडॅप्टर लागतो, सहा पिनांचा. त्यात ‘डीटीआर’ नावाची पिन असायलाच हवी. अपलोड सुरू होताना तीच पिन बोर्डाला रीसेट करते आणि बूटलोडर (प्रोग्राम उतरवून घेणारा, बोर्डावर आधीपासून असलेला छोटा प्रोग्राम) नवा प्रोग्राम घ्यायला थोडा वेळ थांबतो. पाच पिनांचे स्वस्त अडॅप्टर घेतले तर हे रीसेट आपल्या बोटानं, अचूक वेळ साधून दाबावं लागतं, नाहीतर एव्हीआरडूड हा संगणकावरचा अपलोड करणारा प्रोग्राम ‘नॉट इन सिंक’ म्हणत दहा वेळा प्रयत्न करून गप्प बसतो. ही तक्रार दिसली की बहुतेक वेळा प्रोग्राममध्ये काही बिघडलेलं नसतं. आरएक्स (घेणारी) आणि टीएक्स (पाठवणारी) या पिना एकमेकींना उलट्या जोडल्या आहेत ना, रीसेट वेळेवर होतंय ना आणि मेनूत बोर्ड बरोबर निवडलाय ना, एवढंच बघायचं.

मेनूतल्या निवडीत एक गंमत आहे. ८ मेगाहर्ट्झच्या बोर्डाला १६ मेगाहर्ट्झ निवडलं तरी अपलोड बिनबोभाट होतं, कारण दोन्ही बूटलोडर ५७६०० च्याच वेगानं बोलतात. बिघडतं ते नंतर. एका सेकंदाचा दिवा दोन सेकंद घेतो आणि सिरियल मॉनिटरवर (संगणकावर बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या खिडकीत) कचरा उमटतो, कारण प्रोग्राम ९६०० च्या वेगानं बोलतोय असं समजतो आणि प्रत्यक्षात ४८०० नं बोलतो. म्हणून नव्या बोर्डावर पहिला प्रोग्राम दिवा लुकलुकवण्याचाच असावा आणि तो मनगटावरच्या घड्याळाशी पडताळावा.

आता प्रोग्राम. मोजणी इंटरप्टवर, म्हणजे चालू काम किंवा झोप मोडून प्रोसेसरला हाक मारणाऱ्या इशाऱ्यावर: रीड स्विच डी२ या पिनला, जिथं आयएनटी० हा इंटरप्ट आहे. प्रोसेसर झोपलेला असतो, स्विच जोडला गेला की उठतो, मोजणी एकनं वाढवतो. अडचण ही की रीड स्विचची पाती जोडली जाताना थरथरते आणि एका कलंडीचे चार-पाच ठोके प्रोसेसरला दिसतात. यावर सगळीकडे छापलेला उपाय म्हणजे मिलिस हे बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन वापरून ‘मागच्या ठोक्यापासून इतका वेळ झाला का’ ते बघणं. पण पॉवर-डाउनमध्ये मिलिस चालवणारा टायमरच थांबलेला असतो. तासाभरानं उठलेल्या प्रोसेसरला मधे वेळ गेलाच नाही असं वाटतं, आणि तो खरी कलंडी थरथर समजून टाकून देतो. त्यामुळे माझ्या प्रोग्राममध्ये इंटरप्ट आला की मोजणी वाढवून तो इंटरप्ट बंद होतो. मुख्य लूप शंभर मिलिसेकंद थांबून, स्विच उघडलाय याची खात्री करून तो परत चालू करते, आणि मग झोप. दर कलंडीचा एक दशांश सेकंद म्हणतो तो हाच.

झोपण्याआधी एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, बंद करायचा. तो बंद केला नाही तर पुढचा सगळा खटाटोप वाया, कारण झोपेतही तो शेकड्यांनी मायक्रोअँप खात राहतो. मोजणीचा व्हेरिएबल ‘व्होलटाइल’ ठेवायचा, म्हणजे तो दरवेळी रॅममधून नव्यानं वाचला जातो. शिवाय हा आठ बिटांचा प्रोसेसर, आणि मोजणी दोन बाइटांची. तो ती दोन घासांत वाचतो. पहिला बाइट वाचून झाल्यावर आणि दुसरा वाचण्याआधी नेमकी कलंडी आली तर २५५ चे ५११ होऊ शकतात. असं वर्षातून एखाद्या वेळी होईल, आणि म्हणूनच ते शोधून काढणं अशक्य. वाचताना क्षणभर इंटरप्ट थांबवले की काम झालं.

रॅमची टंचाई जाणवली ती छोटा ओलेड पडदा जोडल्यावर. १२८ गुणिले ६४ ठिपके म्हणजे ८१९२ बिट, म्हणजे पूर्ण १ केबी. चित्रांची लायब्ररी तेवढी जागा रॅममध्ये अडवून ठेवते आणि २ केबीतली निम्मी रॅम अर्डुइनोच्या एका ओळीत जाते. काकांना चित्रं नको होती, ठळक आकडे हवे होते. नुसतीच अक्षरं दाखवणारी यू८एक्स८ लायब्ररी घेतली, तिला असला राखीव तुकडा लागत नाही. पडदा बटण दाबल्यावर दहा सेकंद लागतो आणि परत झोपेच्या आज्ञेवर जातो.

वेळेसाठी डीएस३२३१ चं घड्याळ लावलं. आपल्या हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, आणि पेपरातल्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघायचा असेल तर आपलाही दिवस तसाच कापायला हवा. म्हणून घड्याळाचा अलार्म दर तासाच्या तिसाव्या मिनिटाला डी३ वरून प्रोसेसरला उठवतो. त्या तासाचा आकडा बघितला जातो आणि साडेआठच्या अलार्मला दिवसाची बेरीज आणि त्या दिवसातला सर्वांत मोठा तास अशा दोन नोंदी होतात. नोंदी प्रोसेसरच्या १ केबी ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या जागेत) न ठेवता घड्याळाच्या मॉड्यूलवरच असलेल्या ४ केबीच्या चिपमध्ये ठेवल्या. दिवसाला चार बाइट, म्हणजे हजार दिवसांहून जास्त.

या मॉड्यूलबद्दल एक सावधगिरी. त्यावर बटणसेल चार्ज करणारा जोड असतो, पण सोबत बसवला जातो तो बहुधा सीआर२०३२, आणि तो चार्ज करायचा सेलच नव्हे. फुगतो, गळतो. डायोडशेजारचा २०० ओहमचा रेझिस्टर सोल्डरिंग आयर्नच्या टोकानं काढून टाकला की हा धोका संपतो. तिथला पॉवरचा दिवाही काढला.

मग करंट मोजायला बसलो. साधा मल्टिमीटर मायक्रोअँपच्या रेंजला लावला की बोर्ड सुरूच होत नाही. त्या रेंजमध्ये मीटरच्या पोटातला रेझिस्टर मोठा असतो, आणि उठताना बोर्डाला काही मिलिअँप लागले की सगळा व्होल्टेज मीटरमध्येच अडकतो. मीटरला समांतर एक जंपर वायर लावायची, बोर्ड झोपला की ती काढायची. प्रोसेसर एकटा मीटरच्या शेवटच्या आकड्यात लुडबुडत होता. घड्याळासकट आकडा शंभर मायक्रोअँपच्या थोडा पुढे गेला. म्हणजे वेळ सांगणारा मोजणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त खातो. तरीही अडीच-पावणेतीन वर्षं निघतात, आणि तोवर सेल स्वतःच म्हातारे होतात. काकांना “दोन पावसाळे” असं सांगितलं.

गावी बसवल्यावर मेच्या अखेरीस वळवाच्या विजा सुरू झाल्या आणि एक थेंब न पडता आकडा वाढला. खळ्यातल्या मापकापासून पडवीतल्या डब्यापर्यंत लांब वायर होती, वीज चमकली की तिच्यात ठोका उमटायचा. स्विच उघडा असताना पिनचा व्होल्टेज वर ओढून धरणारा प्रोसेसरच्या आतला रेझिस्टर, म्हणजे पुलअप, २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फार सैल. बाहेरून १० किलोओहमचा लावला, पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला आणि वायर एकमेकींभोवती पिळली. भुताटकी थांबली. पुलअप याहून घट्ट करावा असं वाटतं, पण आसाजवळ पान अडकून भांडं मधेच थांबलं आणि चुंबक स्विचसमोरच राहिला, तर त्याच वाटेनं सेल रिकामे होतात. म्हणून स्विच ठरावीक वेळेत उघडला नाही तर वाट बघत न बसता झोपायचं, असाही एक नियम प्रोग्राममध्ये घातला.

शेवटी तपासणी. सलाईनची रिकामी बाटली आणि तिची नळी आणली, अर्धा लिटर पाणी मोजून भरलं आणि थेंबाथेंबानं नरसाळ्यात सोडलं. ५०० मिलिलिटर म्हणजे २५ मिलिमीटर, म्हणजे १२५ कलंडी व्हायला हव्या होत्या. ११९ झाल्या. खालच्या स्क्रूनं भांड्याचा कल बदलता येतो, पण मी स्क्रूला हात न लावता प्रोग्राममध्येच दर कलंडीला ०.२१ मिलिमीटर केलं. नळी पूर्ण उघडून तेच पाणी सोडलं की कलंडी आणखी कमी होतात, कारण भांडं कलंडत असतानाही धार चालूच असते आणि ते पाणी कुठल्याच कप्प्याच्या हिशेबात येत नाही. हा दोष या जातीच्या सगळ्या मापकांत असतो.

जुलैत एका दिवसाचा पाऊस ११५.६ च्या पुढे गेला, म्हणजे खात्याच्या भाषेत अतिजोरदार. त्या दिवशी काकांची बाटली आमच्या यंत्रापेक्षा सहा मिलिमीटर जास्त दाखवत होती. बाटलीचंच बरोबर होतं. तासाचा सर्वांत मोठा आकडा नोंदलेला असल्यानं आता धारेच्या वेगाप्रमाणे दुरुस्ती घालता येईल. त्यासाठी वेगवेगळ्या वेगांनी सलाईन सोडून तक्ता करायला घेतलाय. फ्लॅशमध्ये अजून निम्म्याहून जास्त जागा आहे. काका मात्र साडेआठला आधी बाटली बघतात आणि मग बटण दाबतात.